पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं?

सोलापूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सिद्धेश्वर तलावाकाठी झोपणाऱ्या आजोबांचं नाव मतदार यादीत घालायला तू तीनदा गेलीस आणि तिन्ही वेळा ‘पत्त्याचा पुरावा आणा’ एवढंच ऐकून परत आलीस. वाचून मलाही राग आला. पण पुढच्या खेपेला नियमाची झेरॉक्स सोबत ने, आणि त्याआधी त्यातला शब्दन् शब्द वाच.

कारण तेच आजोबा दर कायद्यात वेगळे ठरतात. 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यात भिकारी ठरायला हात पसरण्याचीही गरज नाही. उपजीविकेचं साधन दिसत नाही, माणूस सार्वजनिक जागी फिरतो किंवा थांबतो, आणि भिकेवर जगत असावा असं त्याच्याकडे बघून वाटतं, एवढं पुरतं. पहिल्यांदा दोषी ठरला तरी एक ते तीन वर्षं डांबता येतं. ऐन गड्ड्याच्या यात्रेत मळक्या कपड्यातल्या माणसाचं साधन ‘दिसत’ नाही, हे ठरवणार कोण? दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये यातली शिक्षेची कलमं घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती.

याउलट 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा बघ. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला, ‘कार्ड असो वा नसो’, आणि बेघर रुग्णालाही सरकारी उपचार मोफत. हे चार शब्द मला फार मोलाचे वाटतात.

क्रियापदही बघत जा. ‘देईल’ असेल तर ते कर्तव्य, ‘देता येईल’ असेल तर साहेबांची मर्जी. एसटी स्टँडबाहेरच्या एका आजारी बाईसाठी मी एकदा तासभर भांडलो. कलमात ‘देता येईल’ होतं. ती बाई त्या रात्रीही बाहेरच झोपली. ते मला अजून सलतं.

तुझ्या बाजूने मात्र नियम आहे. बेघर माणसाने नमुना 6 मध्ये, म्हणजे मतदार नोंदणीच्या अर्जात, झोपण्याची जागाच पत्ता म्हणून लिहायची. बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवर यादी बघणाऱ्या अधिकाऱ्याने, एकाहून जास्त रात्री तिथे जाऊन खात्री करायची. तो तिथेच झोपतो हे दिसलं, की पत्त्याचा कागद लागत नाही, असं निवडणूक आयोगानेच म्हटलंय.

तेव्हा तलावाकाठची नेमकी जागा लिही. बीएलओ येतील त्या रात्री आजोबा तिथेच असतील एवढं सांभाळ. थंडी वाढली की ते स्टेशनकडे सरकतात, असं तूच कळवलं होतंस. एक चादर देऊन ठेव.

तुझा,
काका