संध्याकाळी सहा ते आठ काय करू?

दिवाळीचे कंदील उतरले की सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येऊ लागते. "दिवस कसाही जातो हो, संध्याकाळ खायला उठते. सगळे म्हणतात, थंडीचे दिवस आहेत, एखादा छंद लावून घ्या. पण मनच लागत नाही, तर छंद कुठून लागणार?" निवृत्त झालेली माणसं, मुलं परगावी गेलेल्या आया, घरून काम करणारी तरुण मंडळी, सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. याचं उत्तर मी एका काकांच्या गोष्टीतून देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.

काका नाशिकचे. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे अवजारं-साचे घडवणाऱ्या विभागात, सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतरचा हा पहिलाच हिवाळा. काकूच त्यांना घेऊन आल्या होत्या. "सकाळी ठीक असतात. पेपर, भाजी, बँक. साडेपाच वाजले की घरात येरझाऱ्या सुरू. टीव्ही लावतात, बंद करतात. काही विचारलं तर अंगावर येतात." काका मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, मला काहीच छंद नाही. आयुष्यभर मशीन आणि घर. आता या वयात नवीन काय लागणार?"

घरच्यांनी आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं. मुलाने कॅमेरा घेऊन दिला, सुनेने हार्मोनियमचा ऑनलाइन क्लास लावला, एका मित्राने हास्यक्लबात नेलं. मुलगा एका रविवारी पहाटे गाडी काढून निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरलाही घेऊन गेला. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा; जानेवारी 2020 मध्ये ते जाहीर झालं. थंडीत तिथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक उतरतात. काकांना ते आवडलं होतं, अगदी मनापासून. पण त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. "पक्षी चांगलेच होते. पण ते सकाळी. संध्याकाळी परत आपलं घर तेच."

माणूस उदास दिसला की आपण त्याला काय आवडेल याचा शोध घेतो. कोणत्या वेळी त्याचा जीव घाबरा होतो, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. काकांचा दिवस चांगला होता. पोकळी होती ती सहा ते आठची.

छंदाच्या गोष्टी करण्याआधी मी नेहमी दुसरी चौकशी करते, आणि ही पायरी कुणीही गाळू नये. झोप कशी आहे, भूक कशी आहे, पूर्वी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टी नकोशा झाल्यात का, जगणं नको असं मनात येतं का. उदासी दिवसभर, रोज, दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. मग विणकाम किंवा बागकाम सुचवून भागत नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलते. काकांच्या बाबतीत तसं नव्हतं. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉईड, साखर, बी-12 आणि डी जीवनसत्त्व तपासून घेतलं. बी-12 कमी निघालं, त्यावर उपचार सुरू झाले.

लहान दिवसाचाही थोडा वाटा असतो. जूनमध्ये नाशिकला सव्वासातपर्यंत उजेड असतो, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहालाच दिवे लावावे लागतात. थंडीच्या ऋतूत येणाऱ्या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये अमेरिकेत केलं. तो त्रास मुख्यतः उत्तरेकडच्या देशांतला. लंडनला डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. तिकडे मुलांकडे हिवाळा काढायला गेलेल्या आई-वडिलांना तो जाणवला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सकाळी प्रखर दिव्यासमोर बसण्याचा उपचार असतो. आपल्याकडे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम अडीच तासांचा फरक. त्यामुळे सगळा दोष अंधाराला देता येत नाही. सकाळचं ऊन अंगावर घ्या, एवढं मी सगळ्यांनाच सांगते. काकाही रोज गच्चीत बसू लागले.

मग मी त्यांना विचारलं, "नोकरीत असताना संध्याकाळी सहाला तुम्ही कुठे असायचात?"

काका पहिल्यांदाच मोकळं बोलले. "मी सेकंड शिफ्ट मागून घ्यायचो. तीन ते अकरा. सहाला कँटीनचा चहा यायचा, मग खरं काम. साहेब लोक गेलेले, शांतता. ग्राइंडिंगवर जॉब लावायचा, मायक्रोमीटर घ्यायचा. मिलिमीटरच्या एका शतांशाचा फरकसुद्धा आम्ही सोडत नव्हतो." बोलताना त्यांचा अंगठा आणि तर्जनी नकळत मायक्रोमीटर फिरवत होती.

या माणसाने कित्येक वर्षं थंडीतली तिन्हीसांज घरात पाहिलीच नव्हती. ती वेळ त्यांच्या हातांची होती, नजरेची होती. कॅमेरा आणि हार्मोनियम यांत वाईट काही नव्हतं, पण दोन्हींत नवशिक्या होऊन बसायचं होतं, तेही एकट्याने.

मी काकूंकडे वळले. या दिवसांत घरात काय चालतं? त्या म्हणाल्या, "दरवर्षी मी संक्रांतीचा हलवा करते. यंदा खांदा आखडलाय, जमणार नाही. आणि नेमकं यंदाच भाचीच्या लेकाचं बोरन्हाण आहे, हलव्याचे दागिने हवेत." काकांना मी एवढंच सांगितलं की रोज सहाला, मन लागो न लागो, अर्धा तास शेगडीपाशी काकूंच्या शेजारी बसायचं. त्या सांगतील तसा हात फिरवायचा. आवडलं पाहिजे अशी अट नाही.

यामागे विचार आहे. "मन लागलं की करीन" म्हणत थांबलं तर ते लागायची वाट पाहण्यातच हिवाळा सरतो. मानसोपचारात 1970च्या दशकापासून पीटर लेविन्सन यांच्यासारख्यांनी उलटा क्रम मांडला आहे. आधी ठरलेल्या वेळी कृती, मन मागून येतं.

काटेरी हलवा ज्यांनी केला आहे त्यांना ठाऊक आहे, तो घाईत होतच नाही. जाड बुडाच्या परातीत तीळ, खाली अगदी मंद आच. साखरेचा पाक करायचा, दुधाचा हबका मारून मळी काढायची. एक चमचा पाक तिळांवर सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं, ते कोरडे होईपर्यंत. मग दुसरा चमचा. आच वाढली की हलवा पिवळा पडतो, पाक एकदम जास्त पडला की गोळे होतात. काटा एका बैठकीत येत नाही, दिवसामागून दिवस थोडा थोडा फुटतो, आणि थंड, कोरडी हवा असेल तर सुरेख फुटतो. म्हणून तर हे थंडीतलं काम. तिळाचा झाला की खसखशीचा, साबुदाण्याचा, लवंगेचा.

पहिले काही दिवस काका घड्याळाकडे बघत बसले, असं काकूंनी सांगितलं. गोळे झाले, चिडले, उठून गेले. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा बसले. मग त्यांच्यातला टूलरूमवाला जागा झाला. चमच्यात पाक किती, दोन चमच्यांमध्ये वेळ किती, हे ते नेमकं धरू लागले. दाणे पांढऱ्या कागदावर पसरून चष्म्यातून काटा बघायचे. पुढच्या भेटीत पुडीतून नमुना घेऊन आले. "हा परवाचा, हा कालचा. फरक बघा." फरक खरोखर होता.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. परातीशी बसून काका बोलायला लागले होते. निवृत्तीच्या दिवशी हातातलं मायक्रोमीटर जमा करताना काय वाटलं, हे त्यांनी काकूंना तिथे सांगितलं. समोरासमोर बसून विचारलं की तोंड मिटून घेणारी माणसं शेजारी बसून, हातात काम असताना बोलतात. विशेषतः पुरुष. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

मधे एक अडचण आली. हलव्याचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेले, कौतुक झालं, आणि मुलाने उत्साहाने ऑर्डरी घेतल्या. काका रात्री अकरापर्यंत जागू लागले. येरझाऱ्या थांबल्या होत्या, पण चिडचिड परतली. मी त्या वेळी स्पष्ट सांगितलं की भाचीच्या बाळाचे दागिने करा, बाकीच्यांना नम्रपणे नाही म्हणा. ज्यांना घर चालवायला पैसा हवा, त्यांनी जरूर विकावा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण विसाव्यासाठी सुरू केलेल्या गोष्टीवर तारीख, वजन आणि गिऱ्हाईक चढलं की तिथे विसावा उरत नाही. मुलाला वाईट वाटलं, मग पटलं.

सगळ्यांनी हलवा करावा असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे येणारी एक मुलगी संध्याकाळी लॅपटॉप बंद केला की सुया-लोकर घेते, सुलट-उलट एवढंच विणते आणि चुकलं की उसवते. एक शिक्षक जेवणानंतर नातीला घेऊन गच्चीवर जातात. डिसेंबरात रात्री आठ-नऊला पूर्वेला कृत्तिका, रोहिणी, मृग आणि त्यांच्यामागून येणारा व्याध दाखवतात, त्याला दुर्बीणही लागत नाही. कुणी कुंडीत मेथी-कोथिंबीर पेरतं, कुणी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतं. तुमचा जीव कोणत्या तासाला घाबरा होतो ते आधी बघा आणि त्याच तासाला बसेल असं काही निवडा. सकाळच्या फिरण्याने संध्याकाळचं भागत नाही.

रथसप्तमी झाल्यावर काका शेवटचे आले. हलवा संपला होता, दिवस मोठा व्हायला लागला होता, आणि आता मोकळ्या संध्याकाळचं काय, ही धास्ती होती. मी म्हटलं, हे काम ऋतूचं होतं, ऋतूबरोबर संपलं, पुढच्या थंडीत परत येईल. तोवर सहाची वेळ मात्र सोडू नका. काकूंनी लगेच सांगून टाकलं की मार्चमध्ये कुरडयांचा चीक घोटायला मला दोन हात लागतातच. काकांनी विचारलं, "त्याचं माप काय असतं?"