तिची नाइट ड्युटी आणि तुझं पुढारपण

पत्र: 'मी २९ वर्षांचा, कळव्याला राहतो, महापेच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातली एक मुलगी मला आवडते. ती नेरूळला नर्स आहे. वर्षभर भेटतोय, दोन्ही घरी माहीत आहे. पती घराचं मस्तक, असं उपदेशात ऐकत आलो. म्हणून तिला स्पष्ट सांगितलं, लग्नानंतर नाइट ड्युटी बंद. तेव्हापासून ती नीट बोलत नाही. बाबांच्या आजारपणातलं साडेतीन लाखांचं कर्ज बाकी आहे, तेही तिला सांगितलेलं नाही. चांगला घरधनी होण्यासाठी काय तयारी करू?'

बाळा, सलाम.

तयारीचं विचारलंस, बरं वाटलं. पुष्कळ मुलांची तयारी हॉल, बँड आणि सुटापाशी संपते. पण तुझं पत्र दोनदा वाचूनही मला कळलं नाही की नाइट ड्युटीबद्दल तिचं स्वतःचं म्हणणं काय आहे. तू विचारलंच नाहीस ना?

बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या इफिसकरांस पत्राचा ५वा अध्याय आज रात्री पुन्हा वाच. 'मस्तक' २३व्या वचनात येतं. त्याआधी २१व्यात पौल सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन राहायला सांगतो. पत्नींशी तो जेमतेम तीन वचनं बोलतो. २५व्यापासून पतींकडे वळतो आणि अध्याय संपेपर्यंत त्यांना सोडत नाही. त्यांच्याकडे मागतो काय, तर ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं, तसं प्रेम. आणि प्रभूने तर कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. तुझा हुकूम यात कुठे बसतो, सांग.

रात्रभर वॉर्डात उभी राहून ती सकाळच्या ठाणे लोकलने कळव्याच्या घरी येईल. तेव्हा चहा कोण टाकेल? 'सून अजून झोपलीय?' म्हणणाऱ्या शेजारणीला, किंवा तुझ्या आईलाही, कोण समजावेल? मला विचारशील तर पुढारपण हे आहे, आणि त्याची तालीम लग्नानंतर सुरू होत नाही. आज तुझा डबा कोण धुतं? घरची प्रार्थना तू घेतोस की आई हाक मारते तेव्हा येऊन बसतोस?

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या मनाला पटल्यावर. मधली वर्षं दोघांनाही फार जड गेली. पण बायकोचा विश्वास नवऱ्याच्या हुकमाने येत नाही, हे आपल्या मराठी मंडळीने तेव्हाच पाहिलं आहे. मग तिची नोकरी तरी तुझ्या हुकमाने का सुटावी?

कर्जाचं मात्र टाळू नकोस. बापाच्या औषधपाण्याला काढलेल्या पैशात लाज कसली? पण साखरपुड्यानंतर तिला ते दुसऱ्याकडून कळलं, तर तिला साडेतीन लाख टोचणार नाहीत, तुझं गप्प राहणं टोचेल. हप्ता किती, किती महिने राहिले, बँकेचा कागद घेऊन बस. तिच्याही घरी काही देणंघेणं असेल, ते ऐकून घे. चर्चच्या पाळकसाहेबांकडे जायचं ते यानंतर, आणि दोघांनी मिळून.

येत्या रविवारी उपासनेनंतर तिला ठाण्याच्या तलावपाळीला घेऊन जा. आधी माफी माग, 'पण' न लावता. मग विचार, रात्रीची ड्युटी तिला का हवी आहे. पगार जास्त मिळतो म्हणून, की त्या वॉर्डातल्या पेशंटवर तिचा जीव आहे म्हणून? मधे बोलू नकोस. आणि मला पुन्हा लिहिशील तेव्हा तिने काय सांगितलं तेवढंच लिही.