समई लावण्याआधी

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सिंगापूरला जाऊन वर्ष होत नाही तोच दर एकादशीला बारा-तेरा जण भजनाला जमू लागलात आणि आता रीतसर संस्था काढायची म्हणता, हे वाचून मन भरून आलं. विठ्ठलाची मूर्ती पंढरपूरहून आणावी की जयपूरहून घडवून घ्यावी, असं विचारलं आहेस. त्याचं उत्तर आज देत नाही. आधी एक काम कर. येत्या रविवारी यिशूनला जा आणि श्री नारायण मिशनचं आजारी वृद्धांसाठी चालवलेलं नर्सिंग होम बघून ये.

मी सिंगापूरला नोकरीला होते तेव्हा ओळखीच्या एका मल्याळी बाईंनी मला तिकडे पहिल्यांदा नेलं. मी देवळात निघाल्यासारखी फुलं घेऊन गेले होते. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि माझ्या हातात पेजेची वाटी दिली. समोर व्हीलचेअरवर हॉक्किएन बोलणाऱ्या एक चिनी आजी. तोंड घट्ट मिटलेलं. ‘चिया’ म्हणजे ‘जेव’, एवढा एकच शब्द मला शिकवला गेला. तो मी चार वेळा म्हटला तेव्हा कुठे ओठ उघडले. मल्याळ्यांच्या, त्यातही एका गुरूच्या नावानं निघालेल्या संस्थेत या आजी कशा, हा प्रश्न मला तेव्हा पडला. तिथे दाराशी जात, धर्म, वंश विचारत नाहीत, हे पुढे कळलं. विचारलंच नाही पाहिजे, हे त्या संस्थेच्या मुळातच आहे.

१९४८ साली मिशन स्थापन झालं. जपान्यांचा अंमल संपून तीनच वर्षं झाली होती. बेटाच्या उत्तरेला, सेंबावांगला, ब्रिटिशांचा नाविक तळ होता आणि तिथल्या गोदीत, कचेऱ्यांत केरळची माणसं पुष्कळ. मल्याळ्यांची असोसिएशन तर १९१७ पासूनच होती. म्हणजे सणाला जमायला, आपली भाषा कानावर पडायला जागा होती. तरी या लोकांना आणखी एक संस्था हवीशी वाटली, कारण त्यांना केरळचे संत आणि समाजसुधारक नारायण गुरू यांचा विचार परमुलखात जगायचा होता.

तो विचार तू नीट समजून घे. केरळात गुरूंच्या एळवा जातीला मोठ्या देवळांत प्रवेश नव्हता. अशा काळात, १८८८ साली, गुरूंनी अरुविप्पुरमला नेय्यार नदीतून दगड काढला आणि शिवलिंग म्हणून त्याची प्रतिष्ठापना केली. जातिभेद आणि धर्मद्वेष सोडून सगळे भावंडांसारखे राहतात असं हे आदर्श ठिकाण, अशी ओळही तिथे कोरून ठेवली. पंढरपूरचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं, हे आठव, म्हणजे त्या दगडाचं वजन कळेल. त्या देवळाचा कारभार बघणाऱ्या मंडळातूनच १९०३ साली श्री नारायण धर्म परिपालन योगम हा संघ उभा राहिला. आधी माणसं एकत्र, मग शाळा, मग उद्योग. शेवटी शेवटी, १९२७ साली, कळवंकोडच्या देवळात तर गुरूंनी मूर्तीच्या जागी आरसा बसवला.

मिशनच्या सभागृहात प्रार्थना सुरू झाली तेव्हा मला एक शब्द कळत नव्हता. १९१४ साली गुरूंनी लिहिलेली ही दहा कडव्यांची प्रार्थना आहे आणि तिच्यात कुठल्याही एका देवाचं नाव नाही. शेजारी नाविक तळावर हयात घालवलेले एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, “भवसागर पार करायला तुझे चरण हीच आमची आगबोट, असं म्हटलंय.” आपल्या संतांनी भवसागरात नाव घातली, गुरूंनी वाफेवर चालणारं जहाज घातलं! आजोबा स्वतः अठराव्या वर्षी मद्रासहून बोटीनं आलेले. ते कडवं म्हणताना त्यांचा हात व्हीलचेअरच्या दांड्यावर असा आवळलेला होता, की कठडा धरून अजून डेकवरच उभे असावेत.

आता तुमच्याबद्दल. दहा किंवा जास्त माणसांची संस्था तिथे कायद्यानं नोंदवावी लागते. ते टाळू नका. पैसे संस्थेच्या खात्यात, दोन सह्यांनी. आमच्या गावचं भजनी मंडळ फुटलं ते वर्गणी एकाच्या घरखात्यात राहिली म्हणून. चोरी कुणीच केली नव्हती, पण संशयानं तेरा वर्षांची दिंडी बंद पडली. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

आणि नोंदणीच्याही आधी एक वही घाल. कुणाचे आई-वडील सहा महिन्यांसाठी आलेत आणि दिवसभर घरात एकटे असतात? रात्री दोन वाजता इस्पितळात कोण धावेल? कुणी गेलंच, तर मृतदेह गावी पाठवायची कागदपत्रं कोण बघेल? प्रत्येक प्रश्नापुढे दोन नावं आणि दोन फोन नंबर लिहा. नावं भरली नाहीत तर संस्था काढायची घाई करू नका, भजन चालू ठेवा. एकादशीला येणाऱ्यांत कुणी मराठी नसेल तर त्यालाही टाळ द्या. अभंगाचा अर्थ मागाहून सांगता येतो.

रविवारी मिशनमध्ये आधी फोन करून जा, जेवणाच्या वेळेला जायला मिळतं का बघ, आणि भरवायला हात लागणार आहे का ते विचार. आल्यावर सविस्तर लिही. मूर्तीचं आपण तेव्हा बोलू.

तुझी,
मावशी