संशोधनाचा प्रश्न निवडताना
शेतीच्या अर्थशास्त्रात संशोधन करताना विषय फार मोठा घेऊ नकोस. ‘अन्नसुरक्षा’ हा प्रश्न नव्हे, ते अख्खं क्षेत्र आहे. ‘घाऊक भाव उतरले तरी किरकोळ भाव तितक्या वेगाने का उतरत नाहीत?’ हा खरा प्रश्न. तो मोजता येतो, आणि त्यावर वादही चालू आहे.

सुरुवातीच्या दोन चुका टाळ:
- आधी गणिती मॉडेल निवडणं, मग प्रश्न शोधणं.
- सहसंबंधालाच कारण समजणं. पीकविमा घेणारे जास्त कमावतात, की सधन शेतकरीच विमा घेतात?

अन्नाच्या नासाडीत रस असेल तर जरूर उतर. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) २०१९च्या अंदाजानुसार काढणीनंतर, दुकानात पोहोचण्याआधीच जवळपास १४ टक्के अन्न जातं. ते वाचवण्याचा खर्च कोणी उचलावा, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अर्थमितीचं, म्हणजे आकडेवारीने आर्थिक संबंध तपासण्याचं, नंतर बघू. आधी शेतकऱ्यांशी, व्यापाऱ्यांशी बोलून ये.