"आमचं आयुष्य अगदी साधं हो, त्यात काय लिहायचं?"

आठवणी लिहायच्यात पण जमत नाहीये म्हणून जे माझ्याकडे येतात ते बहुतेक सगळे पहिल्या पाच मिनिटांत हेच म्हणतात. मागे एक काका आलेले, पंचाहत्तरीचे (तपशील बदललेत आणि त्यांना विचारूनच लिहितेय). मुलीने हौसेने जाडजूड वही आणून दिली होती आणि चार महिन्यांत लिहून झालं दीड पान. जन्म, शाळा, नोकरी, लग्न, रिटायरमेंट, संपलं. "बायोडेटा झालाय," ते स्वतःच म्हणाले.

मी वही बाजूला ठेवली, कोरा कागद दिला आणि म्हटलं काका, लहानपणीच्या घराचा नकाशा काढा, चित्र वगैरे नको, कुठे काय होतं तेवढंच. जन्मापासून ओळीने सांगा म्हटलं की माणूस सनावळ्या आठवत बसतो, पण जागा डोळ्यासमोर आली की माणसं, वास, आवाज मागोमाग येतात. शिवाय उतारवयात साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी जास्त वर येतात हे संशोधनात बऱ्याचदा दिसलंय, मग सुरुवात तिथूनच केलेली बरी ना.

काका रंगले. जिन्याच्या ११ पायऱ्या, त्यातली तिसरी करकरायची म्हणून रात्री उशिरा आलं की ती ओलांडायची, असं अर्धा तास चाललं. मग मधल्या खोलीत एक दार काढलं आणि त्यावर पेन्सिल गिरवत राहिले, इतकी की कागद फाटायला आला. "हे नंतर बुजवलं. विटा लावून."

का ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर जीभ शिवशिवत होती, पण गप्प बसले. मग वाटणी निघाली, धाकट्या भावाशी धरलेला कित्येक वर्षांचा अबोला निघाला. म्हणजे लिहायला नव्हतं असं नव्हतंच, हे लिहिलं आणि पुतण्यांनी वाचलं तर, ही भीती होती.

आम्ही दोन वह्या ठरवल्या. एक फक्त स्वतःची, दुसरी घरच्यांसाठी. पहिलीतलं दुसरीत न्यायचं तर मध्ये महिनाभर जाऊ द्यायचा आणि मग बघायचं, मी माझ्यावर गुदरलेलं सांगतोय की निकाल देतोय? पहिल्या वहीत होतं, "तो कपटी निघाला." दुसरीत आलं, "मी दाराच्या या बाजूला उभा होतो, पलीकडून थापीचा आवाज येत होता." यावर कोण काय वाद घालणार!

म्हातारपणी मागचं आठवत बसणं म्हणजे डोकं भ्रमिष्ट होणं नव्हे, ती साहजिक गोष्ट आहे, हे रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ मध्येच मांडलंय, पण त्यातून कुणाला निराशाही घेरू शकते हेही सांगितलंय. म्हणून झोप उडाली, रडू थांबेना, तर वही मिटा आणि कुणाशी तरी बोला.

हात थरथरत असेल तर फोनवर रेकॉर्ड करा, सुरुवातीला तारीख आणि नाव बोला, कॉपी दोन ठिकाणी ठेवा. आणि ऐकणाऱ्याने मध्ये "नाही बाबा, तसं नव्हतं" म्हणू नये, प्लीज.

काकांनी नकाशाचा फोटो भावाला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, पायऱ्या ११ नाही, १२ होत्या. काका अजून ११ वरच अडून आहेत, मी म्हटलं दोन्ही आकडे लिहा.