परदेशातल्या भारतीय सांस्कृतिक केंद्रात तबला शिकवायला जावं का?

तुम्ही तबल्यात विशारद झालात, अशी जागा निघाली तर अर्ज करू का, असं विचारलंय. मी हे काम आधी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, राजधानी पारामारिबोला, आणि मग मॉरिशसला केलं. जरूर करा अर्ज, पण मंचावर बसायला मिळेल म्हणून नको.

ही केंद्रं भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद चालवते. मौलाना आझादांनी १९५० साली ती स्थापन केली. भारतातून दौऱ्यावर आलेले कलावंत एक संध्याकाळ गाजवून जातात, ते हवंच. केंद्र तगतं मात्र रोजच्या वर्गांवर, आणि ते वर्ग तुम्ही घ्यायचे असतात.

सुरिनामला १८७३ साली ‘लल्ला रुख’ जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, उतरले, बहुतेक भोजपुरी-अवधी पट्ट्यातले. त्यांच्या वंशजांकडे आजही बैठक गाना चालतं: हार्मोनियम, ढोलक आणि लोखंडी दंडताल. त्यामुळे वर्गात येणाऱ्या पोरांचा हात कोरा नसतो. घरच्या ढोलकाची लय त्यात मुरलेली असते. काही शिक्षक ती पुसून पहिल्या दिवसापासून कायदे, म्हणजे तबल्यातल्या नियमबद्ध रचना, घोटून घेतात. मला हे अजिबात पटत नाही. मी आधी त्यांचं वाजवणं ऐकायचो आणि त्यातलाच केरवा, हा आठ मात्रांचा ताल, तबल्याच्या बोलांत बांधून द्यायचो, धागेनाति नकधिन. आजोबांच्या गाण्यातला ठेका आपण तोंडाने म्हणू शकतो हे कळलं की पोरं तास बुडवत नसत. कायदे आणि रेले, म्हणजे जलद वाजवायच्या रचना, त्यानंतर. शिकवायला जाणाऱ्याने तिथलं संगीत आधी शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आहेत. एरवी क्रिओल बोलणारी माणसं गणपतीत मराठी आरत्या म्हणतात, चतुर्थीला देशभर सुट्टी असते. तिथे मी भजनी ठेक्यापासून सुरुवात केली.

आता व्यवहाराचं. नेमणूक ठरावीक मुदतीच्या कराराची असते, परतल्यावर नोकरी तयार नसते. इथले विद्यार्थी कुणा गुरुबंधूकडे सोपवून जा. सुरिनामसाठी डच किंवा मॉरिशससाठी फ्रेंच निघण्याआधीच सुरू करा, पालकांशी बोलायला लागते. आणि पुडी (तबल्याचं चामडी तोंड) चढवायला, वादी (ती ताणणारी चामडी पट्टी) ओढायला स्वतः शिका. पारामारिबोच्या दमट हवेत चामडं फार लवकर सैल पडतं, जादा पुड्या इथूनच न्या.