कारावाज्जोच्या ‘मत्तयाला पाचारण’ या चित्रात मत्तय नेमका कोणता? रोममध्ये ते बघायला किती वेळ ठेवावा?

दाढीवाला. टोपी घातलेला, बोट दाखवणारा. प्रसंग बायबलमधला: जकात गोळा करणाऱ्या मत्तयाला येशू आपला शिष्य व्हायला बोलावतो, आणि कारावाज्जो या इटालियन चित्रकाराने तो रंगवलाय. टेबलाच्या टोकाला मान खाली घालून नाणी मोजणारा पोरगा म्हणजे मत्तय, असं हल्ली बरेच जण सांगतात. मला पटत नाही. माझी नोकरी मुंबईच्या जकात नाक्यावर गेली, २०१७ ला जीएसटी येऊन नाके उठले तोपर्यंत.

रोमला साडू बरोबर होते. सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चच्या कोंतारेल्ली चॅपेलमध्ये डाव्या भिंतीवर हे चित्र आहे. नाणं टाकलं की दिवा लागतो. दिवा लागला तसे साडू म्हणाले, “हा पोरगा बघा, तुमचा मत्तय. दारात देव उभा, तरी नजर पैशातच. जकातवाले सगळे असलेच!” आख्खा ग्रुप हसला.

अहो, नाक्यावर मोजायला बसतो तो ज्युनिअर. मध्ये मान वर केली की पुन्हा पहिल्यापासून मोजा. त्यात लोभ कसला? दारात कोणी आलं की आधी बघणार इनचार्ज, कारण जाब त्यालाच द्यायचा असतो. चित्रातही तेच. दाढीवाल्याचा एक हात अजून नाण्यांपाशी आहे आणि दुसऱ्याने तो विचारतोय, “मी?” मागचा चष्मेवाला म्हातारा मोजणीवर डोळा ठेवून. कारावाज्जोने १६०० च्या सुमारास या सगळ्यांना स्वतःच्या काळातले कपडे घातले, म्हणून ती कचेरी खरी वाटते. शिवाय समोरच्या भिंतीवर मत्तयाचा वध आहे, मध्ये शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, लिहिणारा मत्तय. दोन्हीकडे त्याला दाढी! हे सांगेपर्यंत दिवा गेला, आणि साडूंनी दुसरं नाणं काही काढलं नाही.

आता, ते बोट स्वतःकडे आहे की पलीकडच्या पोराकडे, याबद्दल दोन्ही वाटू शकतं हे खरं. पोराची बाजू घेणारे अभ्यासकही काही बिनडोक नाहीत.

वेळेचं म्हणाल तर सकाळी जा, दुपारी चर्च बंद असतं. सुटी नाणी खिशात ठेवा. आणि आयुष्यभर जकात चुकवण्यात हुशारी मानणारे नातेवाईक बरोबर नेऊ नका. साडूंचे टेम्पो आमच्याच नाक्यावरून जायचे. बिलात काय लिहिलेलं असायचं आणि ताडपत्रीखाली काय असायचं, ते मी आजवर घरात काढलेलं नाही.